एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद

गेल्या दशकातल्या बहुतेक चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांना एक खोड होती. चित्रीकरण सुरू केलं की २९ मिनिटं ५९ सेकंदांनी ते आपोआप थांबायचे. बॅटरी शिल्लक असो, कार्डावर जागा असो, कॅमेरा तापलेला नसो, तरी थांबायचे. मंगल कार्यालयात विधी चालू असताना कॅमेरा बंद पडला की छायाचित्रकार वैतागायचा आणि यंत्राची मर्यादा म्हणून सोडून द्यायचा. पण ही मर्यादा यंत्राची नव्हती, युरोपीय संघाच्या आयातशुल्काच्या दरपत्रकातून आलेली होती. त्या दरपत्रकात फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा शुल्कमुक्त होता आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर शुल्क होतं. दोन्ही कामं करणारा कॅमेरा आला तेव्हा रेषा आखावी लागली: ८०० बाय ६०० पिक्सेल किंवा अधिक, सेकंदाला २३ किंवा अधिक फ्रेम आणि सलग किमान ३० मिनिटं चित्रीकरण जमत असेल तर तो व्हिडिओ कॅमेरा. कंपन्यांनी वकिलांचा सल्ला घेतला असेल, पण काम अभियंत्यांनीच केलं. सॉफ्टवेअरमध्ये एका सेकंदाची कात्री लावली, की शुल्क माफ.

मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने सीमाशुल्काच्या सवलतीसाठी नेमके हेच तीन आकडे अधिसूचनेत घातले. ते ओलांडणार नाही त्या कॅमेऱ्याला मूळ शुल्कात पूर्ण सूट, ओलांडेल त्याला नाही. त्याच महिन्यात कॅनन कंपनीचे कॅमेरे देशात आले, कागदपत्रं पाहून अधिकाऱ्यांनी ते सवलतीसह सोडलेही. ऑगस्ट २०१४ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे ‘डीआरआय’ने, नोटीस काढली की हे कॅमेरे अटीत बसत नाहीत आणि ही गोष्ट दडवली गेली. निकॉन, सोनी आणि कॅसिओ यांच्यावरही तेच बालंट आलं. डिसेंबर २०१७ मध्ये सीमाशुल्काची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि तोही डीआरआयच्या अधिकाऱ्याला अशी नोटीस काढण्याचा अधिकारच नाही या मुद्द्यावर. मग सरकारने फेरविचार मागितला, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेऊन अधिकार आहे असं ठरवलं. बारा वर्षं गेली, कॅमेरा सलग अर्धा तास चित्रीकरण करतो का हे ठरवण्याच्या मार्गावर. एवढ्या काळात खिशातल्या फोनने ते छोटे कॅमेरे बाजारातून जवळपास हद्दपार केले.

हे प्रकरण अपवादात्मक वाटेल, पण ते नमुनेदार आहे. एकाच डब्यात चार-पाच कामं करणारी जी साधनं आयात होतात, त्यांच्याबाबत ‘ही वस्तू मुळात काय?’ असा प्रश्न सीमाशुल्क खातं विचारतं, न्यायालयं त्याचं उत्तर शोधतात आणि आपण समजतो की उत्तर वस्तूच्या आत कुठेतरी दडलेलं आहे. ते तिथे नसतं. प्रश्न वस्तूमुळे उभाच राहत नाही. दरपत्रकातल्या शेजारच्या दोन रकान्यांत वेगवेगळे दर लिहिलेले असतात म्हणून तो उभा राहतो. दर सारखे असतील तर वस्तूला काहीही म्हणा, कुणी न्यायालयात जात नाही. म्हणून अशा वादांवरचा इलाज व्याख्या अधिकाधिक बारीक करण्यात नाही, दर जवळ आणण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पण आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहायला हवं.

ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली वस्तूंची यादी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि आज दोनशेहून अधिक देश व अर्थव्यवस्था ती वापरतात. व्यापारात तिला नुसतं ‘एचएस’ म्हणतात. एकवीस विभाग, सत्त्याण्णव प्रकरणं (त्यातलं ७७ वं भविष्यासाठी रिकामं ठेवलेलं) आणि प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक. भारताने १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या अनुसूचीत तो आठ आकडी केला आहे. जिवंत घोड्यापासून पुरातन मूर्तीपर्यंत सगळं या यादीत कुठेतरी बसलंच पाहिजे, असा तिचा बाणा. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या वस्तू तिच्यात छान बसतात. खिशातला मोबाइल मात्र या यादीवरून फिरवून पाहा. गणकयंत्र ८४७०, संगणक ८४७१, टेलिफोन ८५१७, विजेरी ८५१३, कॅमेरा ८५२५, रेडिओ ८५२७, होकायंत्र ९०१४, घड्याळ ९१ वं प्रकरण, व्हिडिओ गेम ९५०४. एका वस्तूचे नऊ दावेदार, आणि हे नऊ रकाने लिहिले गेले तेव्हा ते एका मुठीत मावतील असं कुणाला वाटलंही नसेल.

अशा वेळी काय करायचं याचे सहा सर्वसाधारण नियम यादीसोबत आहेत. तिसरा नियम आपल्या कामाचा. दोन हेडिंगं, म्हणजे चार आकडी रकाने, दावा सांगत असतील तर अधिक नेमकं वर्णन करणारं घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर वस्तूचं मूळ स्वरूप ज्या घटकामुळे ठरतं, तो पाहा. यंत्रांच्या विभागात याला जोडून एक टीप आहे: अनेक कामं करणारं यंत्र त्याच्या प्रमुख कामाप्रमाणे धरा. आणि एवढं करूनही निर्णय होत नसेल, तर दावेदार हेडिंगांपैकी क्रमांकाने जे शेवटी येतं ते घ्या. हा शेवटचा पोटनियम मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. ९५ हा आकडा ८४ नंतर येतो, यात गेम कन्सोलच्या स्वभावाबद्दल काहीही सांगितलेलं नाही. काही वस्तूंना ‘मूळ स्वरूप’ नसतं, कुठेतरी चिठ्ठी टाकावी लागते, ही कबुली यादी करणाऱ्यांनीच त्यात लिहून ठेवली आहे. आपली न्यायालयं मात्र या टोकाला जाणं शक्यतो टाळतात. ‘इतर’ या शेषवर्गाबद्दलही त्यांचं तेच धोरण. डनलॉप इंडियाच्या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की एखाद्या वस्तूला नावाच्या रकान्यावर रास्त हक्क सांगता येत असेल, तर तिचं पितृत्व नाकारून तिला शेषवर्गाच्या अनाथाश्रमात धाडू नये. वाक्य आजही वकील आवडीने उद्धृत करतात. अडचण एवढीच की बहुउद्देशी यंत्राला बाप एक नसतो.

प्रमुख काम शोधायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, हे झेरॉक्स इंडियाच्या प्रकरणात दिसतं. छपाई, प्रती काढणं, स्कॅनिंग आणि फॅक्स ही चारही कामं करणारी यंत्रं मुंबईत आली. कंपनी म्हणाली, हा संगणकाला जोडायचा प्रिंटर, म्हणजे ८४७१. खातं म्हणालं, हे धड प्रिंटर नाही आणि धड कॉपियर नाही, म्हणजे ८४७९ मधली ‘इतर’ यंत्रं. नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. यंत्राचे किती भाग छपाईसाठी आहेत आणि उत्पादनखर्चाचा किती वाटा छपाईवर पडतो याचा हिशेब पुढे ठेवला गेला आणि तो छपाईकडे झुकला. हिशेबात खोट काढता येणार नाही. पण त्या यंत्राचा मालक त्याला कॉपियर म्हणूनच वापरत असेल, तर ते सुटे भाग मोजून काय सिद्ध झालं? आणि गंमत अशी, की २००७ च्या एचएस आवृत्तीत अशा यंत्रांसाठी ८४४३ खाली स्वतंत्र जागा केव्हाच झाली होती. निकाल लागला तेव्हा मूळ प्रश्न जवळपास चार वर्षांपूर्वीच मिटलेला होता, फक्त जुन्या आयातीच्या पैशांपुरता तो जिवंत होता.

हेच एलसीडी पॅनेलचं झालं. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, व्हिडिओकॉनने टीव्हीसाठी आणलेली ही पॅनेलं टीव्हीचे सुटे भाग म्हणून ८५२९ मध्ये धरायची की प्रकाशीय उपकरण म्हणून ९०१३ मध्ये, हा वाद २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, ९०१३ च्या बाजूने. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीने सपाट पडद्यांसाठी ८५२४ हे नवं हेडिंग आधीच उघडलं होतं. न्यायालयाचा दोष नाही. समोर आलेल्या खटल्यात आयातीच्या दिवशीचा कायदाच लावावा लागतो. पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न कालबाह्य होतो, हे सारखं दिसत असेल तर प्रश्नच तपासायला हवा.

न्हावा शेवाच्या प्रकरणातून माझा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो. ह्यूलेट-पॅकार्ड आणि लेनोवो यांनी ‘ऑल-इन-वन’ संगणक आणले: पडद्याच्या पाठीमागेच सगळा संगणक, वेगळा डबा नाही. कंपन्यांनी ते ८४७१ ५० मध्ये दाखवले. न्हावा शेवाचं सीमाशुल्क खातं म्हणालं, नाही, हे ८४७१ ३०, म्हणजे दहा किलोपर्यंत वजनाचे ‘पोर्टेबल’ संगणक. वजन खरंच दहा किलोच्या आत होतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नुसतं वजन पुरेसं नाही. वस्तू सहज नेता-आणता आली पाहिजे आणि सतत विजेच्या जोडणीवाचून चालली पाहिजे. भिंतीतल्या प्लगला कायम बांधलेलं यंत्र पोर्टेबल म्हणता येणार नाही. जाता जाता न्यायमूर्तींनी खालच्या अधिकाऱ्यांना कानपिचकीही दिली की त्यांनी निर्णयासाठी विकिपीडियासारख्या स्रोतांवर फार विसंबू नये. या निकालाची बातमी वाचताना वाटतं, की लॅपटॉपवर एक दर आणि टेबलावरच्या संगणकावर दुसरा असणार. पण दोन्हींवर मूळ सीमाशुल्क शून्यच होतं, कारण भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील होऊन संगणक शुल्कमुक्त करण्याचं कबूल केलं होतं. भांडण होतं ते देशांतर्गत उत्पादनशुल्काच्या बरोबरीने लावलेलं अतिरिक्त शुल्क कोणत्या किमतीवर मोजायचं याचं: खोक्यावर छापलेल्या किरकोळ विक्रीच्या किमतीवर की खरेदीच्या व्यवहाराच्या किमतीवर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, ते अतिरिक्त शुल्क गेलं आणि वादाचं मूळ त्याबरोबर निघालं. नव्या मालाबाबत कुणाला पोर्टेबल या गोष्टीचं सोयरसुतक उरलं नाही. संगणक तसेच राहिले, वजन तसंच राहिलं, प्लग तसाच राहिला. फरकाचा पैसा नाहीसा झाला आणि तत्त्वज्ञानही थांबलं.

बाहेरच्या देशांतही हेच. २००१ मध्ये युरोपीय आयोगाने सोनीच्या प्लेस्टेशन-२ ला व्हिडिओ गेम ठरवलं, सोनी म्हणत होती तो संगणक आहे. गेमवर शुल्क जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास, संगणकावर शून्य. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेस्टेशनसोबत कंपनीने बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायची सोयही दिली होती, म्हणजे वापरणारा ते ‘प्रोग्राम’ करू शकतो असं म्हणायला जागा. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २००३ मध्ये आयोगाचा नियम रद्द केला. दोन टक्क्यांसाठी एवढं होत असेल, तर युरोपातलंच पुढचं प्रकरण समजायला सोपं आहे. सपाट पडद्याला डीव्हीआय जातीची खोबण असली, की तो संगणकाशिवाय इतर यंत्रांनाही जोडता येईल, म्हणून व्हिडिओ मॉनिटर, शुल्क १४ टक्के. सेट-टॉप बॉक्समध्ये हार्ड डिस्क असली, की ते चित्रमुद्रण करणारं यंत्र, १३.९ टक्के. बहुउद्देशी छपाई यंत्रावर ६ टक्के. एक खोबण आणि चौदा टक्के! अमेरिका, जपान आणि तैवान यांनी २००८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये युरोप हरला. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात ज्या वस्तूंवर शून्य शुल्काचं वचन दिलं, त्यांच्यात एखादं नवं काम मिसळलं म्हणून वचन संपत नाही, असा त्या निकालाचा आशय.

तेरा वर्षांनी त्याच दारात भारत उभा होता. जुलै २०१७ मध्ये मोबाइलवर १० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात १५ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के. युरोपीय संघ, जपान आणि तैवान जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. भारताचं म्हणणं, १९९६ मध्ये असले फोन नव्हतेच आणि यादीची नवी आवृत्ती आपल्या वचननाम्यात उतरवताना चूक झाली. एप्रिल २०२३ मध्ये संघटनेच्या पॅनेलने ते फेटाळलं. भारताने अपील केलं आहे, आणि अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्याने ते जिथल्या तिथे आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फोनवरचं शुल्क १५ टक्के झालं. टॅब्लेटवर मात्र शून्य, कारण तो ८४७१ मध्ये, संगणकांच्या पंगतीत. २०२२ च्या आवृत्तीने स्मार्टफोनची व्याख्या केली, ती वाचण्यासारखी आहे: संगणकाची कामं करण्यासाठी रचलेली कार्यप्रणाली असलेला, बाहेरच्यांनी बनवलेली अ‍ॅप्सही एकाच वेळी चालवणारा टेलिफोन, मग त्यात कॅमेरा वा दिशादर्शक असो वा नसो. म्हणजे जो संगणक आहे हे व्याख्येतच मान्य आहे, त्याच्यावर १५ टक्के, आणि त्याहून थोडा रुंद असतो त्याच्यावर काही नाही. घड्याळांचं याहून मजेशीर. २०१४ मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या समितीने सॅमसंगचं गॅलक्सी गिअर हे घड्याळ नसून बिनतारी संदेशयंत्र आहे असं ठरवलं, म्हणजे ‘मूळ स्वरूपा’चा निकाल लागला. २०१८ च्या अर्थसंकल्पात आपण त्याच संदेशयंत्रांच्या रकान्यातून मनगटावर बांधायच्या वस्तू वेगळ्या काढून त्यांवर २० टक्के लावले. नाव काय ठेवायचं ते ठरलं तरी दर वेगळा ठेवायचा असेल, तर नवी भिंत बांधता येतेच.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड असा: दरांतला फरक हा काही अपघात नाही, ते धोरण आहे. २०१७-१८ मध्ये फोनवर शुल्क लावलं आणि नंतर देशात फोन जुळवण्याचे कारखाने वाढले, हे नाकारून चालणार नाही. शुल्क सरसकट एक केलं तर सरकारच्या हातातलं अवजार जातं. माझं उत्तर असं की वाद शुल्क जास्त असल्याने पेटत नाही, शेजाऱ्यांत तफावत असल्याने पेटतो. संपूर्ण कुटुंबाला एकच दर लावून संरक्षण देता येतं. इथे मला एक अडचण मान्य करायलाच हवी: संगणकावर शून्याचं वचन दिलेलं असल्याने, फोन, घड्याळ, पडदा आणि टॅब्लेट यांना एका दरात आणायचं तर तो दर शून्याकडेच न्यावा लागेल. त्यात महसूल जाईल आणि संरक्षणही. पण संरक्षणाचं दुसरं अवजार आपण वापरून पाहिलं आहे. एप्रिल २०२० पासूनची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के थेट कारखान्याला देत आली. किती दिलं ते अर्थसंकल्पात दिसतं. आयातशुल्काच्या तफावतीतून दिलेलं संरक्षण दिसत नाही, आणि त्याची किंमत ग्राहक, बंदर आणि न्यायालय मिळून मोजतात.

दुसरा आक्षेप खात्याचा: आयातदार लबाड असतात. असतातच. मालाचं वर्णन बदलणं, कॅटलॉग लपवणं, दुसराच माल आणणं हे घडतं आणि त्यावर कडक कारवाई हवी. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ मध्ये त्यासाठीच सोय आहे: एरवी मागणी दोन वर्षांपर्यंतची, पण हेतुपुरस्सर खोटं सांगितलं वा माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंतची, दंडासह. पण आपण आणलेली वस्तू काय आहे हे सगळं सांगून, कॅटलॉग जोडून, ती अमुक हेडिंगमध्ये बसते असं म्हणणं हे मत आहे, लबाडी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिकच्या निकालात सवलतीचा दावा करणं म्हणजे खोटी घोषणा नव्हे असं सांगून झालं आहे. तरी नोटिसांमध्ये पाच वर्षांचं कलम लागतंच, कारण दोन वर्षं बहुधा उलटून गेलेली असतात. २०११ पासून कर-निर्धारण आयातदारानेच करायचं असल्याने त्याच्या मानेवर जबाबदारी पूर्ण आहे आणि खात्री अजिबात नाही. जानेवारी २०२५ मध्ये सॅमसंग आणि तिच्या अधिकाऱ्यांवर मिळून सुमारे ६० कोटी डॉलरची मागणी निघाली, ती मोबाइलच्या मनोऱ्यावर बसणाऱ्या एका रेडिओ उपकरणावरून. ते संदेश पाठवतं-घेतं की नाही, यावर तज्ज्ञांची मतं एकमेकांविरुद्ध उभी आहेत. कंपनी मुंबईच्या न्यायाधिकरणात गेली आहे. कोण बरोबर ते तिथे ठरेल. पण जिथे अभियंत्यांतच एकमत नाही, तिथे फसवणुकीची भाषा जरा जपून वापरावी.

एवढ्या रकमा झेपणाऱ्या कंपन्यांपेक्षा लहान आयातदाराची गत वेगळी. तो शेनझेनहून ब्लूटूथ स्पीकरचे खोके मागवतो. त्यात एफएम रेडिओ, मेमरी कार्डाची खाच, वर मोबाइल चार्ज करायचीही सोय. कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री भरतो आणि ८५१८ लिहितो, लाउडस्पीकर. २०२० पासून निर्धारण ‘फेसलेस’ आहे, म्हणजे न्हावा शेवाच्या मालाची फाईल दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहत असतो. तो ‘क्वेरी’ टाकतो: यात रेडिओ आहे, मग ८५२७ का नाही? कार्डावरची गाणी वाजतात, मग ८५१९ का नाही? ब्रोकर कॅटलॉग चढवतो, आणखी एक क्वेरी येते. तोवर कंटेनर उरण भागातल्या एखाद्या फ्रेट स्टेशनात पडून असतो, दिवसाचं भाडं आणि जहाज कंपनीचं विलंबशुल्क चढत असतं. आयातदार काय करतो? निषेध नोंदवून जादा शुल्क भरतो आणि माल सोडवतो. त्याच्या बाबतीत ‘प्रमुख काम काय’ हा प्रश्न कुणी सोडवलेला नसतो, फक्त कोणाला थांबणं परवडत नाही ते ठरलेलं असतं.

मग व्याख्या नीट करा, असं तिसरा आक्षेप म्हणतो, आणि तो सगळ्यांत समंजस वाटतो. पण व्याख्येचं काय होतं ते कॅमेऱ्यांनी दाखवलं. आकडा लिहिला की तो कारखान्यातलं लक्ष्य बनतो. आकडा न लिहिता शब्दांत सांगितलं, तर ‘पोर्टेबल’ होतं. शिवाय एचएसची आवृत्ती पाच-सहा वर्षांनी येते आणि फोनची पिढी दरवर्षी. कॅमेरा लावलेल्या ड्रोनला जागतिक सीमाशुल्क संघटनेने आधी उडता कॅमेरा मानून ८५२५ मध्ये बसवलं. ८८०६ हे स्वतःचं हेडिंग त्याला २०२२ मध्ये मिळालं, तोवर ड्रोन शेतात फवारणी करू लागला होता. आणि यादीच्या आकड्यांवर सरकारचं तरी कितपत लक्ष असतं? ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन यांच्या आयातीवर परवान्याचं बंधन घालणारी अधिसूचना निघाली, तीत हेडिंग ८७४१ छापलं होतं. असं हेडिंग यादीत नाही, ८७ वं प्रकरण ८७१६ ला संपतं. म्हणायचं होतं ८४७१.

मालाआधीच निर्णय मागण्याची सोय आहे, हे खरं. जानेवारी २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत आगाऊ निर्णय प्राधिकरणं काम करतात आणि कायद्याने त्यांना तीन महिन्यांची मुदत आहे. ही चांगली सुधारणा आहे, तिची निंदा करण्याचं कारण नाही. पण तो निर्णय ज्याने मागितला त्याच्यापुरताच बांधील असतो. हुबेहूब तोच स्पीकर आणणाऱ्या शेजारच्या व्यापाऱ्याला त्याचा हक्क म्हणून आधार नाही. तेवढी दुरुस्ती करायला मोठ्या धोरणबदलाची गरज नाही: वस्तू तीच, कॅटलॉग तोच, तर निर्णय सगळ्यांना लागू. तसंच, सर्व माहिती दिलेली असताना केवळ हेडिंगच्या मतभेदावर पाच वर्षांचं कलम लावू नये, हे कायद्यात एका ओळीने लिहिता येईल.

पण मूळ काम दरांचंच. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक मालावरचे सात दर काढून शून्य धरून आठ उरवले, हे योग्य दिशेचं पाऊल होतं. त्याच भाषणात शाळांत लावतात त्या स्पर्शाने चालणाऱ्या मोठ्या डिजिटल फळ्यावरचं शुल्क १० वरून २० टक्के केलं आणि त्याच्या सुट्या भागांवरचं ५ टक्क्यांवर आणलं. भाग महाग आणि तयार माल स्वस्त ही उलटी रचना दुरुस्त करायची होती, हेतू समजण्यासारखा आहे. पण अशा अनेक फळ्यांत प्रोसेसर असतो, अँड्रॉइड असतं, साठवण असते; माऊस-कीबोर्ड जोडला की त्यावर कुठलंही काम होतं. ८५२८ मध्ये मॉनिटर म्हणून आला तर २० टक्के आणि ८४७१ मध्ये संगणक म्हणून आला तर शून्य. दहाची दरी वीसची झाली. एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे आणि तिच्यासाठी आपल्याला आठ आकडी यादी पुन्हा लिहावीच लागणार आहे. ८४७१, ८५१७, ८५२५ आणि ८५२८ ही चार हेडिंगं एका टेबलावर शेजारी ठेवून त्यांचे दर एकत्र ठरवायचे असतील, तर अर्थखात्याकडे तोवरचाच वेळ आहे.